मशीन पडवीत बिघडतं

३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. आम्ही दापोली तालुक्यातले, म्हणजे थोडे खालच्या अंगाला, पण वाऱ्यानं आम्हाला वगळलं नाही. संध्याकाळी तो पडला तेव्हा घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या दोनशे पावलांत अकरा झाडं आडवी होती. सात पोफळी, दोन माड, एक रायवळ आंबा आणि गोठ्याच्या कौलांवर रेललेला फणस. वीज गेलेली, मोबाइल मुका, वर टाळेबंदी. पडवीच्या कोपऱ्यात मात्र चेनसॉ होता, दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला. दोरी ओढली. पन्नास वेळा तरी ओढली असेल. खांदा भरून आला, मशीन काही बोललं नाही. टाकीत मागच्या डिसेंबरातलं पेट्रोल तसंच होतं आणि त्याला जुन्या वार्निशासारखा वास येत होता. शेवटी दोन कुऱ्हाडी आणि शेजारच्या काकांच्या माळ्यावरची दोघांनी ओढायची करवत, यांच्या जोरावर चौथ्या दिवशी वाट मोकळी झाली.

पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. तोवर कोकणात जवळपास प्रत्येक वाडीत एखाददुसरं मशीन आलेलं होतं. कुणी त्याला कटर म्हणतं, कुणी नुसतं मशीन. त्यातली बरीचशी आता बंद पडलेली मी बघतो, आणि ती कापून कापून झिजली म्हणून बंद पडलेली नाहीत. माझ्या मशीनचे वर्षाचे तास मोजले तर वीस-पंचवीस भरतील. उरलेलं अख्खं वर्ष ते पडवीत बसून असायचं. बिघडतं ते तिथंच. म्हणून मशीन घेताना, सांभाळताना, त्याला तेलपाणी करताना मी एकच हिशेब धरतो: जून महिन्यात, वीज नसताना, तिसऱ्या-चौथ्या ओढीला हे सुरू झालं पाहिजे. खाली जे लिहितोय ते सगळं याच हिशेबातलं आहे. तुम्ही रोज लाकूड कापायच्या धंद्यात असाल तर तुमचं गणित वेगळं, आणि माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.

घ्यायचं कोणतं? दुकानात पहिला प्रश्न बारच्या, म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या पात्याच्या, लांबीचा येतो आणि आपण हमखास मोठ्याकडे झुकतो. ऑनलाइन बाजारात ‘५८ सीसी, २२ इंची’ अशी मशीनं स्वस्तात दिसतात, नावाजलेल्या कंपन्यांची लहान मशीनं त्यांच्या तिप्पट-चौपट किमतीला असतात. मग २२ इंची बार म्हणजे घसघशीत सौदा वाटतो. पण बागाईतदाराचं काम काय असतं ते एकदा आठवा. पोफळ सहा इंचांची, माड बारा-चौदा इंचांचा, कलमाच्या फांद्या चार ते आठ इंच, कुंपणाचा गिरिपुष्प मनगटाएवढा. यासाठी ३५ ते ४५ सीसीचं इंजिन आणि १६ इंची बार पुरून उरतो. बारपेक्षा जाड ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येतो. लांब बार म्हणजे वजन, दर इंचामागे जास्त दात घासायचे आणि टोक कुठं टेकतंय ते दिसत नाही, ही वरकड. पेट्रोल-तेल भरून सहा-सात किलोचं धूड अर्धा तास कमरेत वाकून धरून बघा, मग माझं म्हणणं पटेल. तीन फुटी रायवळ वर्षातून एखादा निघतो. त्याला भाड्यानं माणूस बोलवावा, त्यात कमीपणा नाही.

स्वस्त मशीन घेऊच नये असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीच्या दोघांची अजून चालतात. पण घेण्याआधी तीन गोष्टी हाताला लावून बघा. पहिली चेनब्रेक. पुढच्या मुठीसमोरचा तो ढालीसारखा तुकडा पुढं ढकलला की चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. आणि नुसत्या हातानं ढकलून नाही, मशीन चालू असताना दुकानदाराला दाखवायला लावा. दुसरी म्हणजे मुठी आणि इंजिन यांच्यामधल्या स्प्रिंगा किंवा रबरं. मशीन मुठीला धरून हलवलं की इंजिन वेगळं डोललं पाहिजे. ही रबरं नसतील तर सगळी थरथर तुमच्या बोटांत उतरते. वर्षानुवर्षं अशी मशीनं वापरणाऱ्या जंगलकामगारांची बोटं पांढरी पडून बधिर होतात, हा ओळखलेला आजार आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती मशीनवर नसते. क्लचचा ड्रम, दोरीची स्प्रिंग, कार्बोरेटरचे पडदे हे सुटे भाग तुमच्या तालुक्याच्या गावी मिळतात का? एस्टीनं जाऊन दुपारपर्यंत परत येता येईल इतक्या अंतरावर दुरुस्ती करणारा माणूस आहे का? नसेल तर वॉरंटीच्या कागदाला काही अर्थ नाही.

बॅटरीवरच्या मशीनांबद्दल हल्ली फार विचारणा होते. सहा-आठ इंची लहान बॅटरी मशीन कलमांच्या छाटणीला खरोखर सुखाचं आहे. दोरी ओढणं नाही, धूर नाही, पेट्रोल शिळं होण्याची भानगड नाही. पण वादळानंतर आठवडाभर वीज नसते तेव्हा चार्जिंग कुठं करणार, हे आमच्या भागात तरी विचारायलाच हवं. मी दोन्ही ठेवतो. बॅटरी ठेवायची ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून नाही, निम्म्यावर. आणि पत्र्याच्या खोपीत नाही, घरात सावलीला. हातात मावणाऱ्या या मशीनांना खेळणं समजून एका हातानं फांदी धरायची आणि दुसऱ्या हातानं कापायची, हा प्रकार मी रोज बघतो. त्यांची चेन मोठ्या मशीनसारखीच असते आणि धरलेली फांदी नि धरणारा हात यांत तिला फरक कळत नाही. वायरचं विजेवरचं मशीन ओल्या बागेत तर नकोच.

मशीनबरोबर जे सामान घ्यायचं त्यावर लोक काटकसर करतात आणि तिथंच फसतात. दोन जादा चेनी घ्या. एक चेन बोथट झाली की भर कामात कानस घेऊन बसण्यापेक्षा चेन बदलून काम पुरं करावं, घासायचं ते रात्री कंदिलाखाली. चेन मागताना ‘१६ इंची द्या’ एवढ्यावर भागत नाही. तीन आकडे लागतात: पिच, गेज आणि खालच्या दातांची म्हणजे ड्राइव्ह लिंकची संख्या. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर भागिले दोन. लहान मशीनांना बहुधा ३/८ इंच लो-प्रोफाइल, मधल्यांना ०.३२५ इंच. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या त्या दाताची जाडी, १.१, १.३ किंवा १.५ मिलिमीटर. हे आकडे बारच्या बुडाशी कोरलेले किंवा छापलेले असतात. नवीन मशीन घरी आलं की त्याच दिवशी ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण वर्षभरात रंग उडतो. ०.३२५ची चेन, ती फिरवणाऱ्या ३/८च्या चक्रावर चढते, चालत नाही. चक्राचे दात खाऊन टाकते.

बाकीचं सामान म्हणजे गोल कानशी आणि त्यांची मार्गदर्शक पट्टी, एक चपटी कानस, टी पाना, एक जादा प्लग, टाकीतला पेट्रोल फिल्टर, दोरी, बारचं म्यान आणि दोन प्लास्टिकच्या पाचरी. पाचर लोखंडी नको. चेन तिला लागली की दात जातात. फणसाच्या लाकडाची घरी केलेली पाचरही चालते, मी तीच वापरतो. अंगावर घालायच्या गोष्टींत जाळीचा पडदा आणि कानांचे झाकण एकत्र असलेलं हेल्मेट आधी घ्या. पेट्रोल मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि त्या दिवशी काही जाणवत नाही म्हणून आपण गाफील राहतो. मांडीवर बांधायचे चॅप्स उकाड्यात नकोसे होतात हे खरं. पण त्यांच्या आत लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की ते धागे बाहेर ओढले जाऊन चक्रात अडकतात आणि मशीन क्षणात थांबतं. साध्या जीन्सला हे जमत नाही. लुंगी आणि चपलेवर मशीन चालवणाऱ्याला तर मी माझ्या बागेत मशीन सुरूच करू देत नाही, मग तो कितीही जुना गडी असो.

आता पेट्रोलाकडे येतो. बंद पडलेल्या मशीनांत पेट्रोलाचाच हात मोठा.

टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलात मिसळलेलं तेलच त्याला वंगण देतं. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असतं ते पाळा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली. बऱ्याच पुस्तिकांत कंपनीचं तेल असेल तर ५०:१ आणि साधं टू-स्ट्रोक तेल असेल तर २५:१ असं लिहिलेलं असतं. डब्यावर ‘जासो एफडी’ असं दिसलं तर तेल चांगल्या दर्जाचं समजा. अंदाजानं ‘टोपणभर’ ओतू नका. तेल कमी पडलं तर पिस्टन खरवडला जातो आणि इंजिन बसतं; जास्त झालं तर प्लग काळा होऊन मशीन धूर ओकतं. त्यातल्या त्यात जास्तीची चूक परवडते. औषधाच्या दुकानातून वीस रुपयांची मोठी सिरिंज आणा, काम झालं.

अडचण पुढची आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं आणि कितीतरी चेनसॉच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं आहे. तुमच्या पुस्तिकेत काय आहे ते बघा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातल्या जुलै महिन्यात अर्धी रिकामी टाकी ठेवली तर ते काय करत असेल याचा विचार करा. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतं, वर पेट्रोल आणि त्यातलं तेल. टाकीतला फिल्टर वजनदार असतो, तो तळाशीच पडलेला असतो. म्हणजे इंजिनाच्या तोंडी पहिला घोट जातो तो बिनतेलाच्या पाण्याचा. शिवाय कार्बोरेटरमधले रबरी पडदे ताठ होतात, नळ्या चिकट होतात. २०२०मध्ये माझ्या मशीनचं हेच झालं होतं. मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडला तर आत मधासारखं काहीतरी साकळलेलं.

त्यावर माझे नियम साधे आहेत. दोन दिवसांत लागेल तेवढंच, फार तर एक लिटर, मिश्रण करायचं. डब्यावर तारीख लिहायची. महिन्याहून जुनं झालेलं मिश्रण मशीनमध्ये घालायचं नाही. आणि पंधरा दिवसांहून जास्त मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करायची, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. प्रायमरचा रबरी फुगा असेल तर तो दोन-चारदा दाबून उरलंसुरलं काढून घ्यायचं. या कामाला पाच मिनिटं लागतात. मिश्रण भरलेला डबा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवलेला मी बघितलाय. तसं करू नका.

दुसरी टाकी बार ऑइलची. इथं आपल्याकडे एक वाईट खोड आहे, ट्रॅक्टरचं किंवा मोटारसायकलचं काढलेलं काळं ऑइल फुकट मिळतं म्हणून ओतायचं. त्यात धातूचा कीस असतो, तो ऑइलच्या बारीक पंपाला आणि बारला घासतो. वर ते तेल चेनवरून उडून तुमच्या तोंडावर, बागेच्या मातीत आणि शेजारच्या विहिरीत जातं, आणि कातडीला लागत राहिलं तर ते कर्करोगाला आमंत्रण देणारं आहे. बार ऑइल चिकट असतं, चेनवर टिकतं. तालुक्याला मिळालं नाही तर नवं, स्वच्छ, तीस नंबरचं इंजिन ऑइल तात्पुरतं चालतं. खोबरेल किंवा पाम तेलाचा प्रयोग एकाने केला होता. काम झालं, पण महिनाभर पडून राहिल्यावर ते तेल डिंकासारखं वाळलं आणि चेन बारलाच चिकटली. ऑइल येतंय का ते बघायला मशीन सुरू करून बारचं टोक कोरड्या झावळीवर किंवा कागदावर वीतभर अंतरानं धरा आणि रेस द्या. तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलाची एक टाकी संपते तेव्हा ऑइलचीही संपत आलेली असली पाहिजे. ऑइल तसंच शिल्लक दिसलं तर मार्ग तुंबलाय.

चेनला धार लावणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण त्याशिवाय पुढं जाताच येत नाही. एक गंमत सांगतो. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका बुंध्यात भुंग्याची अळी लाकूड खाताना बघत बसला. ती अळी लाकडाच्या रेषेतून आणि रेषेला आडवी, दोन्हीकडे सारख्याच सहजतेनं सरकत होती, डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून चावत. त्यानं तिच्या जबड्यासारखे डावे-उजवे दात असलेली चेन तयार केली आणि पुढच्या वर्षी ती विकायला काढली. आजच्या जवळपास सगळ्या चेनी त्याच घराण्यातल्या. ती अळी म्हणजे आपल्या आंब्याच्या खोडात शिरणाऱ्या भिरुडाचा जातभाई. ज्या भिरुडानं पोखरलेली फांदी कापायला आपण मशीन काढतो, त्याच भिरुडाच्या कुळाकडून चेनीचा दात आलेला आहे!

या दाताला कुऱ्हाडीसारखी घाव घालायची धार नसते, रंध्यासारखी सोलायची असते. म्हणून भुशाकडे बघा. धारदार चेन जाड कीस, छोट्या ढलप्या टाकते. पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला, मशीन स्वतःहून लाकडात उतरेना, दाबावं लागलं किंवा लाकूड धुमसल्याचा वास आला, की थांबा. बोथट चेनवर दाबून कापणं म्हणजे बार, क्लच, इंजिन आणि तुमची कंबर चारही एकदम खर्ची घालणं.

घासायची पद्धत अशी. ३/८ लो-प्रोफाइलला ४ मिलिमीटरची गोल कानस, ०.३२५ला ४.८ची. मोठ्या मशीनांच्या पूर्ण ३/८ला साधारण ५.२ची. बार शेगड्यात किंवा ओंडक्याला खाच पाडून तीत घट्ट बसवा, चेनब्रेक लावा. चेन हलत असेल तर धार येत नाही. पहिल्या दातावर खडूची खूण करा. आमच्याकडे घरातली नेलपॉलिश कामाला येते. दाताच्या माथ्यावर मागच्या बाजूला एक तिरकी रेघ असते, कानस त्या रेघेला समांतर धरायची, बहुधा ३० अंश. कानस पुढे ढकलतानाच घासते, मागे ओढताना उचलून घ्यायची. प्रत्येक दातावर कानस तीनच वेळा ढकलायची, हे व्रत समजून पाळा. आधी एका बाजूचे सगळे, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. आपला उजवा हात एका बाजूला जास्त जोर करतो, दात लहान-मोठे होतात आणि मग मशीन लाकडात केळीसारखं वाकडं जायला लागतं. लोक म्हणतात बार वाकला. बार क्वचितच वाकतो.

प्रत्येक दातापुढे एक बुटका खांब असतो, दातानं किती खोल चावावं हे ठरवणारा. दात घासून घासून ठेंगणा होतो आणि तो खांब तेवढाच राहतो, म्हणून धार असूनही मशीन कापत नाही. चार-पाच वेळा घासलं की मापाची पट्टी ठेवून हा खांब चपट्या कानशीनं उतरवायचा. दात आणि खांब यांच्या उंचीत ०.६५ मिलिमीटरच्या आसपास फरक हवा. उत्साहात जास्त उतरवलात तर दात हावरटासारखा चावतो आणि मशीन झटके देतं. बाजारात ग्राइंडरवर चेन घासून देणारे आहेत. तिथं उभं राहून बघा. दाताचं टोक निळं पडलं की त्याचं पाणी गेलं. तो दात पुढं धार धरत नाही किंवा कानशीला दादच देत नाही.

आपल्याकडची झाडं धारेची परीक्षा घेतात. माडाचं खोड बाहेरून टणक आणि आत मऊ. त्याच्या बाहेरच्या कवचावर एक चेन किती पटकन बोथट होते ते पाहून मी थक्क झालो होतो. त्याचे धागे चक्राच्या झाकणाखाली गच्च बसतात, म्हणून माड-पोफळीच्या कामात दर तासाला झाकण उघडून साफ करायचं. वठलेला खैर आणि सुरू यांचंही लाकूड कठीण. पण चेनचा खरा शत्रू म्हणजे जुन्या कुंपणाची काटेरी तार. वाढत्या खोडानं ती गिळलेली असते, वरून काहीच दिसत नाही. बांधावरचं झाड असेल तर जमिनीपासून चार फुटांच्या आत बार घालण्याआधी साल तासून बघा. आणि पडलेला ओंडका कापताना बारचं टोक मातीत गेलं, की रात्रीचं कानस-काम तुम्ही स्वतःच ठरवलंत. ओंडक्याखाली दोन फांद्या सरकवा.

चेनचा ताण थंड असताना बघायचा. दोन नट ढिले करून बारचं टोक वर उचलून धरा, स्क्रू फिरवा; चेन बारच्या खालच्या कडेला चिकटलेली हवी, पण हातमोजा घातलेल्या हातानं ओढली की सहज फिरायला हवी. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात ताणते, पुन्हा बघायची. काम संपल्यावर चेन ढिली करून ठेवायची, हे बहुतेक जण विसरतात. कापताना ती तापून लांबलेली असते, आपण ती घट्ट केलेली असते. रात्री थंड होऊन आखडली की क्रँकशाफ्टला ओढ बसते. प्रत्येक वेळी चेन घासली की बार उलटा बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. खाचेतला भुशाचा चिखल पत्र्याच्या पट्टीनं काढा, कडेला आलेली धारदार बूर चपट्या कानशीनं उतरवा, ऑइलचं भोक काडीनं मोकळं करा. टोकाला चाक असेल आणि त्याला ग्रीसचं भोक असेल तर ग्रीस भरा.

एअर फिल्टर दिवसाच्या शेवटी काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवा, किंवा पुस्तिकेत असेल तसं करा. दगडावर आपटू नका. प्लगचा रंग कॉफीसारखा असेल तर सगळं ठीक. काळाकुट्ट ओला असेल तर तेल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला. पांढरा पडला असेल तर मशीन लगेच थांबवून मेकॅनिककडे न्या, कारण इंजिन पेट्रोलाला उपाशी राहून तापतंय. प्लगची फट अर्धा मिलिमीटर. मशीन नुसतं चालू असताना चेन फिरत असेल तर आयडलचा स्क्रू उतरवा, तोवर काम नाही. कार्बोरेटरच्या बाकी स्क्रूंना हात लावायचा मोह टाळा. तिथं अर्धा फेरा चुकला तर इंजिनाचाच हिशेब होतो.

सुरू करताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, उजवं पाऊल मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या मुठीवर. हवेत लोंबकळवत ओढायची ती सिनेमातली पद्धत आहे. चोक ओढून ठेवलेला असताना इंजिन एकदा ‘फट’ करतं. तेव्हाच चोक काढायचा. ते ऐकू आलं नाही आणि ओढत राहिलात तर प्लग पेट्रोलानं न्हातो. मग प्लग काढा, पुसा, चोक काढून दहा वेळा दोरी ओढा, प्लग बसवा. माझ्या पन्नास ओढींपैकी निदान चाळीस मी याच चुकीत घालवल्या असणार.

कापण्याची कला इथं शिकवता येणार नाही, ती अनुभवी माणसापाशी उभं राहूनच येते. पण बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही लागू द्यायचा नाही, एवढं पाठ करा. तो लागला की मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत उलटं तोंडाकडे उसळतं. डावा अंगठा मुठीखालून वळलेला हवा, आणि मशीन खांद्याच्या वर कधीच नाही. शिडीवर चढून मशीन चालवणं हा आपल्या गावागावांतला आवडता मूर्खपणा. वादळानं पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा जास्त दगा देतं, कारण त्याच्या फांद्या दाबलेल्या धनुष्यासारख्या असतात. जी बाजू दबलेली आहे तिथं आधी तिसरा हिस्सा कापा, मग ताणलेल्या बाजूनं येऊन पुरं करा. उलटं केलंत तर एक तर बार अडकेल नाहीतर फांदी छातीवर येईल. आणि मुळासकट उपटलेल्या झाडाच्या गड्ड्यामागे कुणालाही उभं राहू देऊ नका; बुंधा सुटला की गड्डा परत खड्ड्यात बसतो.

परवानगीचंही एका वाक्यात सांगून टाकतो. आंबा, फणस, साग, खैर अशी झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीतली असली तरी महाराष्ट्रात १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते आणि शहरांत १९७५चा वेगळा कायदा आहे, तेव्हा आधी कचेरी, मग कटर.

आता पावसाळ्याची बांधणी. आगोटीची इतर कामं चालू असतात, लाकूडफाटा आत येतो, कौलं शाकारली जातात, त्याच आठवड्यात माझं हे काम असतं. पण मी मशीन पूर्ण झोपवत नाही, कारण झाडं नेमकी पावसातच पडतात. चेन काढून रॉकेल किंवा डिझेलच्या डब्यात बुडवून ब्रशनं धुतो, पुसतो, बार ऑइल लावून झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवतो. बार पुसून तेलाचं फडकं फिरवतो. झाकण उघडून आतला भुसा ब्रशनं झाडतो. ओला भुसा गंज धरून ठेवतो. इंजिनाच्या पंख्याच्या फटी मोकळ्या करतो, नाहीतर हवा खेळत नाही आणि सिलिंडर तापतो. टाकी कोरडी. मग प्लगच्या भोकातून चमचाभराहून कमी टू-स्ट्रोक तेल घालून दोरी हळूच दोन-तीनदा ओढतो आणि प्लग परत बसवतो.

ठेवायची जागा जमिनीवर नको, खताच्या पोत्यांजवळ तर अजिबात नको. युरियाच्या दमट हवेत लोखंड किती पटकन गंजतं ते फावड्यांकडे बघून कळेल. माझं मशीन पडवीतून आत आलंय, माजघरातल्या फळीवर, सुती कापडाखाली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम सुटतो. सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचा बोळा असतो, कारण एका वर्षी कुंभारीण माशीनं तिथं मातीचं घर केलं होतं आणि मी अर्धा दिवस प्लगच तपासत बसलो. बोळ्याला लाल चिंधी बांधलेली असते, म्हणजे तो काढायचा राहत नाही. उंदरांना नळ्यांचं रबर आवडतं, तेव्हा फळी भिंतीपासून सुटी.

दर महिन्याला एकदा, बहुधा अमावास्येच्या आसपास, कारण तेवढंच लक्षात राहतं, मी पाव लिटर ताजं मिश्रण करतो, मशीन पाच मिनिटं चालवतो, एखादी वाळकी फांदी कापतो आणि परत कोरडं करतो. कॅलेंडरवर खूण असते. घरात याची थट्टा होते, होऊ दे.

राहिला प्रश्न मशीन मागायला येणाऱ्यांचा. कोकणात मशीन आहे हे कळलं की लोक येणारच, आणि वादळानंतर तर नाही म्हणताच येत नाही. पूर्वी मी देत असे. परत यायचं तेव्हा टाकीत कुठलंतरी पेट्रोल, चेनला चिखल, आणि एकदा तर चेन उलटी बसवलेली, दातांची तोंडं मागं. चौदा दिवस तो माणूस तशीच दाबत होता आणि ‘तुमचं मशीन बोथट आहे’ म्हणून वर तक्रार. आता मी मशीन देत नाही, मशीनबरोबर स्वतः जातो. हेल्मेट, पाचरी, जादा चेन, माझंच मिश्रण. काम झालं की चहा मिळतो, कधी दोन शहाळी. रात्री घरी येऊन चेन घासतो, टाकी रिकामी करतो आणि लाल चिंधी परत सायलेन्सरच्या तोंडाला बांधतो.